समुद्री चाच्यांचा खेळ घरच्या घरी : आधी खेळ ठरवा, मग कात्री उचला

वाढदिवस असो की मे महिन्याची सुट्टी, चाच्यांचा खेळ बहुतेक घरांत एकाच पद्धतीने फसतो. मोठी माणसं रात्री जागून पुठ्ठ्याचं देखणं जहाज करतात. मुलं त्यात दहा मिनिटं बसतात, मग पुठ्ठ्याच्या तलवारी निघतात, एक जण रडतो आणि संध्याकाळी जहाज गच्चीवर जाऊन पडतं. जहाज चांगलंच झालेलं असतं. पण त्यात बसून करायचं काय, हे कुणी ठरवलेलंच नसतं. शिवाय अर्ध्या वस्तू ओल्या, अर्ध्या मापाला चुकलेल्या.

खालची पद्धत ३ ते ७ वर्षांच्या चार-सहा मुलांसाठी आहे. क्रम बदलू नका, कारण वाळायला लागणारा वेळ धरूनच तो लावला आहे. खेळ शनिवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळी सुरुवात करा.

टप्पा १ : गोष्ट एका कागदावर लिहा

चार ओळी पुरतात. आपण कोण, कुठे चाललो, वाटेत काय अडचण येते, शेवटी काय मिळतं. उदाहरणार्थ : आपण खलाशी, सोफ्याच्या बेटावर चाललो, वादळ येतं, शेवटी खजिन्याची पेटी सापडते. प्रत्येक ओळीला एक वस्तू लागते आणि तेवढ्याच वस्तू करायच्या. बाकीचं मुलं स्वतःच ठरवतात. उशी शार्क होते, झारा वल्हं होतो. त्यांच्यासाठी सगळंच तयार करून ठेवलं तर त्यांना करायला काही उरत नाही.

आता कामं वाटा. कप्तान एकच ठेवलात तर भांडण ठरलेलं. सुकाणू धरणारा, दुर्बीण घेऊन टेहळणी करणारा, नकाशा सांभाळणारा आणि तांडेल, म्हणजे बाकीच्यांना हुकूम सांगणारा, अशी चार कामं आखा. दर पाच-सात मिनिटांनी ती फिरवा. सर्वांत लहान मुलाला दुर्बीण द्या, त्यात चुकण्यासारखं काही नसतं.

कोकणाशी नातं असलेल्या घरांत एखादं मोठं मूल हमखास विचारतं : कान्होजी आंग्रे पण चाचे होते का? उत्तर आधीच तयार ठेवा. इंग्रज त्यांना चाचे म्हणत, कारण आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारी जहाजं ते पकडत. १७२९ साली वारलेले कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. मुलांना चाचे व्हायचं नसेल तर त्यांना आरमाराचे खलाशी करा आणि खजिना चाच्यांच्या हाती लागण्याआधी शोधायला सांगा. सामान तेच राहतं आणि मारामारीही कमी होते.

टप्पा २ : सामान, आणि काय आणायचं नाही

वॉशिंग मशीनचा किंवा फ्रिजचा रिकामा खोका विजेच्या वस्तूंच्या दुकानात मागितला तर बहुधा मिळतो. दोन दिवस आधी सांगून ठेवा. बाकी यादी : काळा चार्टपेपर, पांढरा कागद, रद्दी वर्तमानपत्रं, कागदी चिकटपट्टी, पोस्टर कलर, बुटांचा खोका, अॅल्युमिनियम फॉइल, झाकणासकट प्लॅस्टिकची एक बाटली, जुनी चादर, कपड्यांचे चिमटे.

चिकटवायला फेव्हिकॉल चालतो. जास्त लागणार असेल तर खळ करा : दोन मोठे चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा.

सावध : कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या कामात ती अजिबात नको, मोरचूद विषारी आहे. खळ ताजीच करा आणि उरली तर दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

खजिन्यासाठी मणी, चिंचोके, राजमा, खरी नाणी आणून ठेवू नका. तीन वर्षांखालचं भावंडही खेळात असेल तर टॉयलेट पेपरच्या रोलची आतली नळी घ्या, ती साधारण ४ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती त्या मुलाच्या हाती लागता कामा नये. नाकात अडकलेला राजमा फुगतो आणि मग दवाखाना गाठावा लागतो. दिवे लागणारी, आवाज करणारी खेळणी आणणार असाल तर बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

तपासा : खोका घरात घेण्याआधी दारातच उलटा करून झटका. झुरळांची अंडी आणि तांब्याच्या रंगाच्या मोठ्या पिना, दोन्ही त्यात असतात. पिना पक्कडीने ओढून काढा. आत वाकवून ठेवलेली पीन गुडघ्याला लागतेच.

टप्पा ३ : नकाशाचा कागद (गुरुवारी)

इथे बहुतेक जण क्रम उलटा करतात : आधी स्केचपेनने नकाशा काढतात आणि मग त्याला चहा लावतात. शाई पसरते आणि बेट समुद्रात विरघळतं. बरोबर क्रम असा :

१. साधा झेरॉक्सचा कागद घ्या. कडा हाताने फाडा, कात्रीने नको. फाटलेल्या कडेचे तंतू चहा जास्त शोषतात आणि कड आपोआप गडद होते. मेणबत्तीने कडा जाळायची मग गरजच राहत नाही.

२. कागदाचा बोळा करा आणि उलगडा. हे भिजवण्याआधीच करायचं, म्हणजे सुरकुत्यांत रंग उतरतो. भिजलेल्या कागदाचा बोळा केला तर तो फाटतो.

३. एक कप उकळत्या पाण्यात दोन चमचे चहा पावडर घाला, पाच मिनिटं ठेवा, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. दूध नको, साखर तर नकोच. उरलेला गोड चहा वापरलात तर सकाळी नकाशावर मुंग्यांची रांग दिसेल.

४. स्टीलच्या ताटात कागद ठेवून चहा ओता, पाच मिनिटांनी निथळा. वाळवायलाही ताटच घ्या. वर्तमानपत्रावर वाळवलात तर बातमी नकाशावर उमटते.

५. पावसाळा असेल तर पंख्याखाली रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा.

मुलांच्या संख्येपेक्षा दोन कागद जास्त करा. एक फाटतो आणि एक कुणीतरी घरी घेऊन जातं.

टप्पा ४ : जहाज (गुरुवारी कापणं, शुक्रवारी रंग)

कापण्याचं काम मोठ्यांचं, आणि तेही मुलं झोपल्यावर. कटर हातात असताना "बाबा, मी पण" ऐकायला नको.

१. वरची चारही झाकणं कापून बाजूला ठेवा, त्यातून सुकाणू होईल. वर छप्पर ठेवू नका. बंद खोक्यात मुलं घुसमटतात आणि आत काय चाललंय तेही दिसत नाही.

२. भिंतींची उंची मुलाच्या कमरेइतकी ठेवा. त्याहून उंच भिंत झाली की मूल तिच्यावरून उडी मारतं आणि खोका कलंडतो.

३. एका बाजूला ३० सेंटिमीटर रुंदीचं दार आखा. उभ्या दोन रेघा कापा, तळ कापू नका. तळाच्या रेघेवर चमच्याचा दांडा दाबून फिरवा आणि दार बाहेर पाडा. जहाजात चढायची फळी आयती मिळते.

४. समोरच्या भिंतीवर मधोमध उभी घडी पाडून ती बाहेर ओढा आणि टोक चिकटपट्टीने पक्कं करा, की जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तयार. जमलं नाही तर सोडून द्या, चौकोनी जहाजाबद्दल मुलं तक्रार करत नाहीत.

५. सगळ्या कापलेल्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावा. पुठ्ठ्याची कड ब्लेडसारखी कापते. तपकिरी प्लॅस्टिकच्या पट्टीवर पोस्टर कलर धरत नाही, म्हणून कागदीच घ्या.

सुकाणू फिरलं पाहिजे, नाहीतर ते कुणाला नको असतं. काढलेल्या झाकणातून ताटाएवढं गोल कापा. बाटलीचा गळा खांद्यासकट कापून घ्या. चाकाच्या मध्याला आणि जहाजाच्या पुढच्या भिंतीला बाटलीचं तोंड जाईल एवढंच भोक पाडा. मुलं आत बसणार, तेव्हा चाक भिंतीच्या आतल्या बाजूला हवं : गळा बाहेरून आत घाला, आधी भिंत, मग चाक, आणि वरून झाकण फिरवून आवळा. बाटलीची कापलेली कड बाहेर राहते, तिच्यावर पट्टीचे दोन थर द्या. झाकण इतकं आवळू नका की चाकच अडकेल, पण बोटांनी सहज निघेल इतकं सैलही नको.

रंगाच्या वेळी मुलांना बोलवा. पोस्टर कलरमध्ये पाणी अगदी कमी घालायला लावा. पातळ रंगाने पुठ्ठा मऊ पडतो आणि भिंती आत वाकतात. बाहेरची बाजूच रंगवा. आतून रंगवलात तर खेळताना चड्ड्या रंगतील.

सावध : डोलकाठी खोक्यात उभी करायच्या भानगडीत पडू नका. काठी डोक्यात पडते आणि तिला ताणलेल्या दोऱ्या मानेच्या उंचीवर येतात. जहाज खिडकीसमोर ठेवा आणि जुनी चादर पडद्याच्या दांडीला चिमट्यांनी लावा. खिडकीला ग्रील नसेल तर जागा बदला. वारा आला की शीड फुगतं, पंख्यानेही फुगतं.

टप्पा ५ : टोपी (शुक्रवारी, मुलांसोबत)

वर्तमानपत्राची टोपी सगळ्यांना येते, पण लहान मुलाच्या डोक्यावर ती नाकापर्यंत घसरते, कारण माप कुणी घेत नाही. आधी डोक्याचा घेर मोजा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा तो साधारण ५० सेंटिमीटर असतो. त्याच्या निम्मे करून २ मिळवा : २७. ही कागदाची रुंदी. लांबी ४३ घ्या. बाजारातल्या चार्टपेपरमध्ये (५६ बाय ७१ सेंटिमीटर) अशा दोन टोप्या बसतात आणि २८ सेंटिमीटरचा पट्टा उरतो.

१. ४३ ची बाजू निम्म्यावर दुमडा. घडी वर, उघडी बाजू खाली.
२. वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणून दाबा. खाली ८ सेंटिमीटरची पट्टी उरली पाहिजे.
३. पुढची पट्टी वर दुमडा, मग टोपी उलटवून मागची.
४. पट्ट्यांची टोकं एकमेकांना चिकटवा. पिना नकोत, केसांत अडकतात.
५. चिन्ह सगळ्यात शेवटी. पांढऱ्या कागदावर काढा, कापा आणि पुढच्या पट्टीवर चिकटवा. सपाट कागदावर आधीच काढलेलं चिन्ह घडीत उलटं होतं किंवा आत जातं.

कवटीच हवी असा नियम नाही. तीन वर्षांच्या मुलाला तिची भीती वाटू शकते. खेकडा काढा, नाहीतर पापलेट.

तपासा : टोपी घालून मुलाला मान हलवायला सांगा. घसरली तर आत कागदाची घडी चिकटवा. इलॅस्टिक किंवा दोरी हनुवटीखाली बांधू नका.

टप्पा ६ : दुर्बीण, आणि दोन वस्तू टाळण्याबद्दल

दुर्बिणीची नळी लाटण्यावर गुंडाळून करतात. लाटणं सरळ हवं. मधे फुगीर लाटण्यावर गुंडाळलेली नळी निघत नाही, ती कापावी लागते. कार्डपेपरचा २० सेंटिमीटर लांब तुकडा घट्ट गुंडाळा, कड चिकटवा आणि लाटणं काढा. आता या नळीवर वर्तमानपत्राचा एकच वेढा द्या आणि त्यावर दुसरा कार्डपेपर गुंडाळून त्याचीच कड चिकटवा. अर्ध्या तासाने मधलं वर्तमानपत्र ओढून काढा. जेवढी फट राहते तेवढ्यात आतली नळी सरकते. वेढा न देता केलीत तर दोन्ही नळ्या एकमेकींत रुततात. काच, भिंग काही लावू नका. नळी रिकामी असली तरी सूर्याकडे बघायचं नाही आणि डोळ्याला लावून पळायचं नाही, हे नियम दुर्बीण हाती देतानाच सांगा.

डोळ्यावरची काळी पट्टी मी कपाळावर चिकटवायला देते, डोळ्यावर नाही. एक डोळा झाकलेलं मूल अंतर चुकतं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटतं. एकमेकांची पट्टी घालणं तर नकोच, पावसाळ्यात डोळे येतात ते असेच पसरतात. एखाद्या मुलाला डॉक्टरांनी आळशी डोळ्यासाठी खरी पट्टी दिली असेल तर या खेळात त्याचा मान वाढतो, पण तिच्या वेळा त्याच्या आई-बाबांना विचारूनच पाळा.

तलवारी पाच वर्षांखालच्यांसाठी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तलवार आली की नकाशा, खजिना, वादळ सगळं बाजूला पडतं. मोठी मुलं हट्टच धरून बसली तर ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नको, टोक गोल ठेवा आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने येतील असा कापा, नाहीतर पातं पहिल्याच दिवशी लोंबतं. नियम एकच : तलवार कमरेला, हातात नाही.

टप्पा ७ : खजिना आणि खुणा (शनिवारी सकाळी)

पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटर व्यासाची नाणी कापून फॉइलमध्ये गुंडाळा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने त्यावर नक्षी दाबायला मुलांना द्या. हे काम त्यांना भरपूर पुरतं. प्रत्येक नाण्याच्या मागे एका मुलाच्या रंगाचा ठिपका द्या : लाल नाणी एकाची, हिरवी दुसऱ्याची. ज्याने त्याने आपल्याच रंगाची नाणी उचलायची. हा ठिपका नसेल तर सात वर्षांचं मूल दोन मिनिटांत सगळी गोळा करतं आणि धाकटी मुलं नुसती मागे धावतात.

पेटीत ठेवायचा खाऊ मोजून घ्या, प्रत्येकाला सारखा. चॉकलेटची नाणी मे महिन्यात पातळ होतात. शेंगदाण्याची चिक्की पाच वर्षांखालच्यांना घशात अडकू शकते. राजगिऱ्याची वडी किंवा बी काढलेला खजूर चांगला. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा पेटीत. उघडा ठेवलात तर मुंग्या तुमच्या आधी पोचतील.

आता खुणा. त्या मांडताना हमखास गोंधळ होतो, म्हणून उलट्या क्रमाने, खजिन्यापासून सुरू करा :

१. पेटी लपवा, समजा पलंगाखाली.
२. "पलंगाखाली" सांगणारी चिठ्ठी चपलांच्या कपाटात.
३. "चपलांचं कपाट" सांगणारी चिठ्ठी तुळशीच्या कुंडीमागे.
४. "तुळशीची कुंडी" सांगणारी चिठ्ठी तुमच्या हातात राहते, ती खेळाच्या सुरुवातीला द्यायची.

तीन वर्षांच्यांना तीन ठिकाणं पुरतात, सहा वर्षांच्यांना पाच-सहा. वाचता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठीवर त्या जागेचं चित्र काढा किंवा मोबाइलवर काढलेला फोटो छापून घ्या.

वाळलेल्या कागदावर आता नकाशा काढा, वॅक्स क्रेयॉनने. वरून दिसणारा घराचा आराखडा पाचच्या आतल्या मुलांना सहसा कळत नाही. त्यांच्यासाठी ओळीने चित्रं काढा : कुंडी, कपाट, पलंग. मोठ्यांसाठी आराखडा चालेल, पण नकाशा हातात धरून समोरच्या खोलीशी जुळेल असा फिरवायला शिकवा, नाहीतर डावं-उजवं उलटतं. बेटांना नावं द्या. खांदेरी आणि उंदेरी ही अलिबागजवळच्या थळसमोरची खरी बेटं आहेत. उंदेरी ऐकून मुलं हसतातच.

सावध : गॅसजवळ, बाल्कनीच्या कठड्याशी, पाण्याच्या पिंपाजवळ काहीही लपवू नका. मूल आत शिरून झाकण बंद होईल अशा जागाही नकोत : ट्रंक, वॉशिंग मशीन, जुना फ्रिज. खाली सोसायटीत खेळणार असाल तर उभ्या गाड्यांखाली नाही.

तपासा : गुडघ्यांवर बसून सगळा मार्ग एकदा स्वतः फिरा. जे तुम्हाला तिथून दिसत नाही ते त्यांनाही दिसणार नाही.

टप्पा ८ : खेळाचा क्रम

खजिना आधी उघडला तर खेळ तिथेच संपतो, म्हणून शोध शेवटी. सगळं मिळून पाऊण तास पुरतो.

१. कप्तान म्हणतो. "शिवाजी म्हणतो"चीच ही चाल. "कप्तान म्हणतो, शीड ओढा." "कप्तान म्हणतो, डेक पुसा." नुसतं "नांगर टाका" म्हटलं तर हलायचं नाही. चुकणाऱ्याला बाद करू नका, त्याला पुढचा कप्तान करा. बाद झालेलं लहान मूल दुसरा उद्योग शोधतं आणि तो बहुधा जहाजाची भिंत वाकवण्याचा असतो.

२. वादळ. दिवे बंद-चालू करा, पंखा वाढवा, ताटावर पळी वाजवा. शेजारी दुपारी झोपत असतील तर पळी वगळा.

३. डोंगर का पाणी. फरशी पाणी, सतरंजीचे तुकडे आणि उशा डोंगर. फरशीवर उशी घसरते, तिच्याखाली ओलसर टॉवेल घाला. पायात मोजे नकोत.

४. शोध. आता पहिली चिठ्ठी द्या. दोन मुलं अडली तर "गार, गरम" म्हणत मदत करा. उत्तर सांगू नका.

५. वाटप. पेटी तांडेलाने उघडायची आणि सर्वांत धाकट्याने वाटायची.

मधेच मुलांनी गोष्ट बदलली, जहाजाचं हॉस्पिटल झालं, तर होऊ द्या. चिठ्ठ्या तासभर थांबू शकतात. फक्त खाऊच्या डब्याकडे लक्ष ठेवा.

टप्पा ९ : आवरणं

नाणी मोजून पेटीत टाका. एखादं कमी असेल तर त्याच वेळी शोधा, कारण घरातलं रांगतं बाळ ते उद्या शोधणारच आहे. टोप्या आणि नकाशे सपाट करून फाइलमध्ये ठेवा. खळ लावलेल्या वस्तू फार काळ ठेवू नका, झुरळं येतात. जहाज मऊ पडलं की सुकाणूचं झाकण फिरवून बाटलीचा गळा काढून घ्या, पुढच्या खोक्याला तोच चालतो. चिकटपट्टी सोलून पुठ्ठा रद्दीवाल्याला द्या. ओला पुठ्ठा तो घेत नाही, म्हणून पावसाच्या दिवसांत जहाज बाल्कनीत ठेवू नका.